दुखणे कोणाचे, निर्णय कोणाचा ?

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या दक्षिणेस पालशेत नावाचे समुद्रकाठचे एक गाव आहे. १९५३ सालच्या मे महिन्याची ६ तारीख. सूर्यास्ताच्या सुमारास तेथील वाळूच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका तरुणास अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. बिऱ्हाड तेथून दीड मैलावर. बाज आणवून तीवरून त्यास घरी नेईपर्यंत रात्र पडली. गावच्या डॉक्टरांनी पाय हलू नये म्हणून फळ्या बांधल्या, आणि दुसरे दिवशी प्रकृती बरी दिसत असूनही त्यास पुण्यास न्यावे असा सल्ला दिला. भाड्याच्या मोटारीने सुमारे दोनशे मैलांचा रस्ता अकरा तासांत तोडून मंडळी ९ तारखेस पुण्यास पोहोचली. तेथील एका खाजगी इस्पितळात त्या तरुणास मॉर्फिया टोचण्यात आला, पायाची क्ष-किरण चित्रे घेण्यात आली व पाय प्लास्टरमध्ये बसविण्यात आला. तरुणाचे वडील स्वत: दौंडचे डॉक्टर होते. सात वाजेपर्यंत मुलाची गुंगी उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर ते दौंडास परतले. आई उशाशी राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलास श्वास घेणे जड जात आहे, हे प्रथम तिच्या ध्यानात आले. रात्री नऊ वाजता मुलगा गेला.

पुढे जो खटला झाला तो 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने कायद्याच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ मे १९६८ रोजी लागला. पुरेशी भूल न देता हाड जागेवर बसविण्यासाठी पाय अवाजवी जोराने ओढला गेला व त्या धक्क्याने मृत्यू आला, हा खालच्या न्यायालयांचा निष्कर्ष कायम झाला, आणि मातापित्यांना तीन हजार रुपयांची भरपाई मिळाली. रक्कम कोणासही क्षुल्लक वाटेल. परंतु वैद्यकीय व्यवसायाची कर्तव्ये या देशात ज्या निकालांनी आखली गेली त्यांत या निकालाचे स्थान फार वरचे आहे. डॉक्टरवर तीन कर्तव्ये येतात असे न्यायालयाने सांगितले : रुग्ण हाती घ्यावा की न घ्यावा हे काळजीपूर्वक ठरविणे, कोणता उपचार करावा हे काळजीपूर्वक ठरविणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक अमलात आणणे.

ही तीन वाक्ये पुन्हा एकवार वाचावीत. तिन्हींचा कर्ता डॉक्टर आहे. ठरविणारा तो, करणारा तो. वीस वर्षांचा तो तरुण कायद्याने सज्ञान होता, शुद्धीवर होता, फळ्या बांधलेला पाय घेऊन अकरा तास मोटारीत बसून आला होता. तथापि पाय ओढून बसवावा की वजन लावून सावकाश जागी आणावा, भूल कोणती द्यावी, हा घाट आजच घालावा की प्रवासाचा शीण जाईपर्यंत थांबावे, यांविषयी त्यास काही सांगितले गेले काय व त्याचे म्हणणे काय पडले, हा खटल्याचा विषयच नव्हता. न्यायालयास याबद्दल बोल लावण्याचे कारण नाही. तो प्रश्न विचारण्याची त्या काळी कोणास सवयच नव्हती.

ती सवय आजही पुरती लागली आहे, असे म्हणवत नाही. कोकणातील एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. म्हातारी गावी, मुलगा मुंबईस, मुलगी पुण्यास. म्हातारीच्या पोटात गाठ निघते. तालुक्याचा डॉक्टर मुलास दूरध्वनीने कळवितो. मुलगा बहिणीशी बोलतो, बहीण आपल्या दिरांशी, कारण त्यांचा एक मित्र मोठ्या इस्पितळात आहे. दोन दिवसांत सर्व काही ठरते. मोटार सांगितली जाते, पैशांची तजवीज होते, सुनेची रजा मंजूर होते. म्हातारीस सांगण्यात येते ते इतकेच, की 'जरा तपासून आणू या.' ती बिचारी आंब्याचे दिवस आहेत, घराला कुलूप कसे लावावे, गाईकडे कोण पाहील, असे पुटपुटत मोटारीत बसते. पुढे तपासणीचा कागद हाती आला म्हणजे इस्पितळाच्या बोळात मुलगा डॉक्टरांना हळूच म्हणतो, 'तिला काही कळू देऊ नका.' डॉक्टरही मान हलवितात.

यात दुष्टावा कोणाचाच नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट अवघड आहे. पैसा मुलाचा, धावपळ सुनेची, माया सर्वांची. ज्यांनी खर्च सोसावयाचा त्यांनी निर्णय घ्यावा, हा आपल्या एकत्र कुटुंबातील जुना व्यवहार आहे, आणि पुष्कळ बाबतींत तो हितकारकही ठरला आहे. परंतु शरीर ही एकत्र कुटुंबाची मिळकत नव्हे. शिवाय लपवाछपवी बहुधा फसते. औषधाचे पाणी शिरेतून चढू लागले, केस गळू लागले, शेजारच्या खाटेवरील बाई आपल्या दुखण्याचे नाव सांगू लागली, की म्हातारीस सर्व उमजते. मग आपणास कळले आहे हे ती मुलांपासून लपविते आणि मुले तिच्यापासून. ज्या थोड्या दिवसांत मनातले बोलून घ्यावयाचे, दागिन्यांची व जमिनीची व्यवस्था सांगावयाची, एकदा गणपतीपुळ्यास जाऊन यावयाचे, ते दिवस या नाटकात जातात.

कायद्याच्या भाषेतही रुग्णाची जागा बराच काळ अशीच कोपऱ्यात होती. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे जे नियम २००२ साली झाले व जे अद्यापि लागू आहेत, त्यांत शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी असे कलम आहे. ती कोणाची ? पती किंवा पत्नी, रुग्ण अज्ञान असल्यास आईबाप वा पालक, अथवा प्रसंगपरत्वे स्वत: रुग्ण. क्रम पाहण्यासारखा आहे. ज्याच्या पोटावर सुरी चालावयाची तो पंगतीत शेवटच्या पानावर !

हा क्रम उलटा करण्याचे काम २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात केले. हकीकत १९९५ सालची, दिल्लीची. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीतून पोटाची तपासणी करून घेण्यासाठी भूल घेऊन टेबलावर निजली. तपासणी चालू असता डॉक्टरांस वाटले की गर्भाशय काढणे इष्ट. रुग्ण बेशुद्ध; तेव्हा बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेण्यात आली, आणि गर्भाशयासह बीजकोशही काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, रुग्ण सज्ञान होती, काही वेळाने शुद्धीवर येणार होती, आणि जिवावरचा प्रसंग नव्हता. अशा स्थितीत आईच्या संमतीस काहीच किंमत नाही. तपासणीस दिलेली संमती ही शस्त्रक्रियेस दिलेली संमती नव्हे. काढून टाकणे हितावहच होते, त्याने दुसऱ्यांदा भूल घेण्याचे व खर्चाचे संकट टळले, हा बचावही चालावयाचा नाही.

त्याच निकालात डॉक्टरने काय सांगावयास हवे याची मोजणी आहे. उपचाराचे स्वरूप काय, त्याचा हेतू व लाभ काय, दुसरे मार्ग कोणते, ठळक धोके कोणते, आणि काहीच न केल्यास काय होईल. कधी काळी हजारांत एखाद्यास होणारा अपाय सांगून रुग्णास घाबरवून सोडावे, असा आग्रह न्यायालयाने धरला नाही. परदेशांत चाल याहून पुढे गेली आहे. स्कॉटलंडमधील माँटगोमेरी नावाच्या एका मातेच्या खटल्यात २०१५ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की, डॉक्टरमंडळींत काय सांगण्याची रीत आहे हे पाहू नये. समोर बसलेल्या ह्याच माणसास कोणती गोष्ट महत्त्वाची वाटेल, हे पाहावे.

'ह्याच माणसास' या शब्दांत पुष्कळ अर्थ आहे. रत्नागिरीकडचे एक साधे उदाहरण घेऊ. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी बसल्याचे एकदम उठले असता भोवळ येते. कचेरीत खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनास ती चार दिवसांत अंगवळणी पडेल. पण तीच गोळी एप्रिल-मे महिन्यांत कलमावर चढून झेल्याने हापूस उतरविणाऱ्या गड्यास दिली, तर तो दोन दिवस घेईल, फांदीवर एकदा डोळ्यांपुढे अंधारी येईल, आणि तिसऱ्या दिवशी पुडी फळीवर जाईल. डॉक्टरांस हे तो सांगत नाही. रागावतील अशी भीती. पुढल्या खेपेस दाब वाढलेलाच सापडतो. डॉक्टर समजतात गोळी पुरी पडत नाही, आणि मात्रा दुप्पट करतात. येथे कोणाची चूक झाली ? औषध बरोबर, निदान बरोबर. फक्त 'तुमचा धंदा काय, ही गोळी तुम्हांला झेपेल काय, रात्री निजताना घेतली तर चालेल काय,' एवढे विचारले गेले नाही. रोगाविषयीचे ज्ञान डॉक्टरपाशी असते. परंतु ज्या आयुष्यात ते औषध जाऊन पडावयाचे त्याचे ज्ञान रुग्णाखेरीज दुसऱ्या कोणापाशी नाही. रुग्णास विचारणे ही केवळ सौजन्याची बाब नसून उपचाराचाच भाग आहे, असे जे हल्ली म्हटले जाते ते यामुळे. मधुमेह, दमा, रक्तदाब ही दुखणी तर वर्षानुवर्षे घरातच चालवावयाची. त्यांत डॉक्टरची भेट महिन्यातून दहा मिनिटे. उरलेले सारे दिवस रुग्ण स्वत:च स्वत:चा वैद्य असतो.

डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. सरकारी दवाखान्यात सकाळपासून दाराबाहेर ओळ लागते व ती दुपारपर्यंत संपवावयाची असते. दर रुग्णामागे दोन मिनिटेही येत नाहीत. अशा गर्दीत संमतिपत्र म्हणजे परिचारिकेने आदल्या रात्री पुढे करावयाचा छापील कागद होऊन बसतो. तो पुष्कळदा इंग्रजीत असतो. 'इथे सही करा, म्हणजे सकाळी पहिला नंबर लागेल' एवढेच त्याचे भाषांतर. ज्यास वाचता येत नाही त्याचा अंगठा उमटतो. कायद्याच्या दृष्टीने कागद भरला. रुग्णाच्या दृष्टीने काहीच घडले नाही.

नुसत्या कागदावर विसंबल्याचा परिणाम कोठवर जातो, हे बीड जिल्ह्यात दिसून आले. ऊसतोडणीस जाणाऱ्या तेथील स्त्रियांपैकी पुष्कळजणींनी ऐन तारुण्यात 'पिशवी काढून घेतली' असल्याची ओरड २०१९ साली झाली, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कमरदुखी व अंगावरून जाणे यांसारख्या तक्रारींवर, कर्करोगाची भीती घालून, हा एकच उपाय सांगण्यात आल्याचे पुष्कळ स्त्रियांनी सांगितले. फडावरची एक दिवसाची गैरहजेरी म्हणजे मुकादमाचा दंड. तेव्हा दर महिन्याचा त्रासच नको, असे त्यांनाही वाटले. त्यांनी होकार दिला होता, हे खरे. परंतु गोळ्यांनी भागेल, थांबून पाहता येईल, आणि बीजकोशही गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतील, या गोष्टी ठाऊक नसता दिलेल्या होकारास होकार कसे म्हणावे ?

विचारण्याआधी रुग्णास आपले कागद तरी पाहावयास मिळाले पाहिजेत. या बाबतीत महाराष्ट्राचे पाऊल आधी पडले, हे नमूद केले पाहिजे. केसपेपराची प्रत रुग्णास देणे डॉक्टरांवर व इस्पितळांवर बंधनकारक आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रघुनाथ रहेजा यांच्या खटल्यात सांगितले. पुढे २००२ च्या नियमांत कागद तीन वर्षे जपून ठेवावेत व मागणी झाल्यापासून ७२ तासांच्या आत द्यावेत, असे आले. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालील नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन, रुग्णहक्कांची सनद इस्पितळाच्या दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले. ती सनद हल्ली भिंतीवर दिसते. तिच्यासमोरील बाकावर लोक तासन् तास बसून असतात. वाचताना मात्र क्वचितच कोणी दिसतो.

आतापर्यंतचे सर्व विवेचन शहाण्यासुरत्या माणसांचे झाले. ज्यास घरचे लोक वेडा म्हणतात त्याचे काय ? या तत्त्वाची खरी कसोटी तेथे लागते, आणि ती पाहण्यास रत्नागिरी सोडून जावयास नको. येथील मनोरुग्णालय १८८६ साली स्थापन झाले. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी या राज्यातील चार जुन्या मनोरुग्णालयांत ते खाटांच्या मानाने सर्वांत लहान. १९१२ च्या जुन्या कायद्याप्रमाणे बहुधा नातलगाने अर्ज करावयाचा, दोन डॉक्टरांनी दाखले द्यावयाचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावयाचा, आणि माणसाने आत जावयाचे, अशी रीत होती. स्वत:विषयीच्या त्या सर्व कागदांत तो माणूस तिऱ्हाईत असे. लग्न मोडू नये म्हणून, वाटणी सुकर व्हावी म्हणून, किंवा केवळ सांभाळणारे थकले म्हणून दार एकदा लागले, की ते उघडणे कठीण.

२०१७ साली संमत झालेला व २९ मे २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा उलट टोकापासून आरंभ करतो. मानसिक आजार असलेला माणूसही आपल्या उपचाराविषयी निर्णय घेण्यास समर्थ आहे, असे तो धरून चालतो. सांगितलेली माहिती त्यास समजत असेल, अथवा निर्णयाचा परिणाम उमगत असेल, अथवा आपले मत तो कळवू शकत असेल, तर पुरे. हे कळविणे बोलूनच व्हावे असे नाही. चेहऱ्याने, खुणेने, कोणत्याही साधनाने चालेल. आणि याहून धीट असे एक कलम त्यात आहे : माणसाचा निर्णय इतरांस अयोग्य किंवा चुकीचा वाटतो, एवढ्यावरून तो निर्णय घेण्यास असमर्थ ठरत नाही. हे वाक्य खरे तर वेड्यांसाठी नसून शहाण्या नातलगांसाठी लिहिले आहे, असेच कोणी म्हणेल.

याच कायद्याने आगाऊ निर्देशाची सोय केली. आजाराचा झटका ओसरून मन ताळ्यावर असते त्या काळात माणसाने लिहून ठेवावे की, पुन्हा तसा प्रसंग आल्यास आपणास कोणता उपचार चालेल, कोणता चालणार नाही, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. हा 'कोणी' सख्खा भाऊच असला पाहिजे असे नाही. विश्वासाचा मित्रही चालतो. भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्यावाचून विजेचा झटका देण्यास मनाई आहे. अर्थात जिवावर बेतले असता किंवा माणूस दुसऱ्यावर धावून जात असता, त्याची संमती मिळेपर्यंत हात जोडून बसा, असे कायदा म्हणत नाही. तातडीच्या उपचारास ७२ तासांची मुभा आहे. अडचण निराळीच आहे. या निर्देशाची माहिती असलेली कुटुंबे थोडी. आणि झटक्याच्या वेळी काय झाले होते ही आठवणच घरात कोणास नको असल्याने, बरे झालेल्या मुलाशी त्याविषयी शांतपणे बोलावयास कोणी धजत नाही. वस्तुत: तोच काळ बोलण्याचा.

जो कधीच शुद्धीवर यावयाचा नाही त्याचा प्रश्न मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यामुळे देशापुढे आला. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या अंथरुणावर होत्या. त्यांचे जीवन कृत्रिमपणे लांबवावे की न लांबवावे, याविषयी एका लेखिकेने न्यायालयात एक म्हटले, आणि ज्यांनी त्यांची इतकी वर्षे शुश्रूषा केली त्या परिचारिकांनी अगदी दुसरे. २०११ साली न्यायालयाने परिचारिकांच्या बाजूने कौल दिला. त्यांची स्वत:ची इच्छा मात्र विचारण्याचा मार्ग उरला नव्हता. अशा प्रसंगासाठी आधीच इच्छापत्र करून ठेवण्यास ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्यता मिळाली. प्रथम त्यास न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा झाला आहे.

येथे एक शंका रास्तपणे घेतली जाते. ज्या रुग्णास काही ऐकावयाचेच नाही, 'डॉक्टर, तुम्हीच काय ते करा, मला सांगू नका' असे जो मनापासून म्हणतो, त्याच्या गळ्यात निर्णय बांधावा काय ? नाही. निर्णय दुसऱ्यावर सोपविणे हाही त्याचाच निर्णय होय. मात्र तो त्याने सोपविलेला असावा, परस्पर उचललेला नसावा. काही अनुभवी डॉक्टर या बाबतीत एक सोपी रीत पाळतात. तपासणीचा निकाल येण्यापूर्वी, म्हणजे वाईट बातमी अजून कोणासच ठाऊक नसता, ते नातलगांना बाहेर बसवितात आणि रुग्णालाच विचारतात, 'कागद आल्यावर तुम्हांला सर्व सांगू की थोडे सांगू ? आणि कोणासमोर सांगू ?' म्हातारी कधी मुलाचे नाव घेते, कधी सुनेचे. कधी, सर्वांस चकित करून, माहेरच्या भावाचे. डॉक्टर ते नाव केसपेपरावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात आणि मग दार उघडून मुलास आत बोलावतात.